तिच्या भाषणाचं हिंदी

बेंगळुरूजवळच्या बोम्मसंद्रातल्या आमच्या कारखान्यात मोटरसायकलच्या वायरिंगचं काम चालतं. हेडलाइटपासून मागच्या दिव्यापर्यंत गाडीच्या अंगातून जेवढी वायर फिरते, तेवढी सगळी एका मोठ्या फळीवर खुणेप्रमाणे मांडायची, टेपनं गुंडाळायची आणि टोकांना कनेक्टर बसवायचे. काम उभ्यानं करायचं असतं आणि ते जवळजवळ सगळं बायकाच करतात. माझ्या लाइनवर चाळीसजणी आहेत. मी त्यांची सुपरवायझर.

मी निपाणीकडची. घरात मराठी, शाळेत कन्नड आणि हिंदी टीव्हीमुळे आलेली. बेंगळुरूला आल्यावर या तीन भाषांनीच मला हात दिला. लाइनवर निम्म्या मुली रायचूर, यादगीरकडच्या, निम्म्या ओडिशातल्या. एकीचं दुसरीला कळत नाही. प्लांटचे मोठे साहेब पुण्याचे. त्यांचं कन्नड ‘सरी, सरी’च्या, म्हणजे ‘बरं, बरं’च्या, पुढे गेलेलं नाही. त्यामुळे कुणाला काही सांगायचं असलं की मला हाक मारतात. तीन वर्षं फळीपुढे उभी राहिल्यावर मला टेबल मिळालं, ते हाताच्या कामापेक्षा या तोंडाच्या कामामुळेच मिळालं असं मला वाटतं.

त्या टेबलाच्या बाजूला दोन खिळे होते आणि खिळ्यांना दोरीत ओवलेली दोन लाल टोकनं. बाथरूमला जायचं तर टोकन गळ्यात घालून जायचं, परत आल्यावर खिळ्याला लावायचं. दोन्ही टोकनं गेलेली असली तर थांबायचं. चाळीसजणींना दोन. दहा मिनिटांच्या वर कुणी बाहेर राहिली तर मी वहीत नाव लिहायचं.

हा नियम मी काढला नव्हता, मी लागायच्या आधीपासूनचा होता. पण मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हेही खरं आहे. मी फळीवर होते तेव्हा मीही थांबतच होते. सकाळी घरून निघताना चहा टाळायचा, पाण्याची बाटली आणायची ती भरलेलीच घरी न्यायची, हे सगळ्यांना न शिकवता येतं. शहरातल्या चामराजपेटहून मला दीड तास प्रवास, त्यामुळे मी तर पहाटेपासून तोंडात पाण्याचा थेंब घालत नसे. आपण काढलं, त्यांनीही काढावं, एवढाच माझा हिशोब होता.

ती माझ्या लाइनवर आली गेल्या वर्षी फेब्रुवारीत. रायचूरकडची, सव्वीस-सत्तावीसची, अंगानं बारीक. नवरा जवळच्याच दुसऱ्या कंपनीत माल चढवण्याच्या कामाला. बोलायची कमी. हात मात्र असा चालायचा की शेजारची बघत राहायची. महिन्याभरात मी तिला सगळ्यात अवघड फळी दिली.

मे महिन्यातली गोष्ट. ऑर्डर मोठी होती, माल न्यायची गाडी दारात उभी होती. दुपारी ती माझ्या टेबलाशी आली.

“अक्का, होगि बर्ला?” जाऊन येऊ का, असं तिनं विचारलं.

खिळे दोन्ही रिकामे होते. मी म्हटलं, “स्वल्प तडी.” थोडं थांब.

ती परत फळीकडे गेली. थोड्या वेळानं पुन्हा आली. तोवर एक टोकन आलं होतं आणि तिच्या आधी विचारून गेलेल्या एका मुलीनं ते नेलं होतं. मी मान वर न करता हातानंच ‘थांब’ म्हटलं. तिसऱ्यांदा ती आली नाही. मला वाटलं, तिची नड गेली असेल.

मग फळ्या तपासत मी तिच्या मागून निघाले आणि पाहिलं. तिची सलवार मागून भिजलेली होती. पायाखाली फरशी ओली होती. ती टेप गुंडाळत होती. हात थांबले नव्हते, चेहरा फळीकडे होता आणि कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या.

मी माझी ओढणी काढली आणि तिच्या कमरेला बांधली. फरशी पुसायला सफाईच्या बाईला न बोलवता मीच फडकं आणलं. शेजारच्या दोघींनी पाहिलं आणि माना दुसरीकडे वळवल्या. त्यांनी ते दयेनंच केलं. मी तिला म्हटलं, “घरी जा, मी सांभाळते.” ती म्हणाली, “एवढी फळी होऊ दे अक्का.” फळी पुरी करूनच ती गेली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली. ओढणी धुऊन, घडी घालून आणली होती. त्या गोष्टीबद्दल ती एक अक्षर बोलली नाही, मीही बोलले नाही. मला तिची माफी मागायची होती. रोज वाटायचं, आज जेवणाच्या सुट्टीत बोलू. पण माफी मागायची तर कशाची, हे आधी स्वतःला सांगावं लागतं, आणि तिथंच मी अडायची. टोकनं खिळ्यावर होतीच. त्या दिवसानंतर ती आली की मी आधी खिळ्याकडे बघायची, एवढाच फरक पडला.

आमच्याकडे पंधरा ऑगस्टला सुट्टी असते, पण सकाळी तासभर झेंड्यासाठी सगळ्यांना यावं लागतं. साहेब झेंडा फडकवतात, राष्ट्रगीत होतं, एचआरचे साहेब बोलतात आणि मग कामगारांपैकी एकजण दोन मिनिटं भाषण करतो. भाषणात काय असायचं ते ठरल्यासारखंच होतं. हुतात्म्यांना वंदन, कंपनीचे आभार, जय हिंद. त्यानंतर लाडू आणि केशरी भात. कन्नडमधलं भाषण असलं तर त्याचं हिंदी मी करायची, साहेबांसाठी आणि ओडिशाच्या मुलींसाठी.

जुलैच्या शेवटी एचआरनं विचारलं, यंदा कोण बोलणार? एरवी कुणी पुढे येत नाही, कुणालातरी धरून उभं करावं लागतं. त्या वर्षी तिनं नाव दिलं.

मला आश्चर्य वाटलं. जेवणाच्या सुट्टीत मी तिला विचारलं, “तुला बोलायचंय? माइकवर?”

“शाळेत बोलायची मी,” ती म्हणाली. “आठवीपर्यंत दर वर्षी माझंच भाषण असायचं. नंतर शाळा सुटली.”

तिनं कागद लिहून आणला. अक्षर मोत्यासारखं. मी वाचला, एचआरनं वाचला. त्यात वंदन होतं, आभार होते, जय हिंद होतं. एचआरचे साहेब म्हणाले, छान. मीही निर्धास्त झाले.

पंधरा तारखेला सकाळी आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस नव्हता. गेटजवळच्या मोकळ्या जागेत आम्ही लाइनप्रमाणे उभ्या होतो. त्या दिवशी गणवेशाचा कोट घालावा लागत नाही, म्हणून मुली नवे कपडे घालून आल्या होत्या. एरवी टोपीत कोंबलेले केस मोकळे, गजरे माळलेले. रोजच्याच मुली मला ओळखू येईनात. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं. मग तिचं नाव पुकारलं. मी तिच्या शेजारी दुसरा माइक घेऊन उभी राहिले.

तिनं कागद वाचायला सुरुवात केली. दोन वाक्यं ती वाचायची, मग मी त्यांचं हिंदी करायची. आवाज स्वच्छ होता, कुठं अडखळणं नाही. हुतात्म्यांचं झालं. मग तिनं कागदाची घडी घातली आणि मुठीत धरला. अजून अर्धा कागद बाकी होता. मला माहीत होतं, कारण मी तो वाचला होता.

“शाळेत मी सांगायची की स्वातंत्र्य म्हणजे इंग्रज गेले,” ती कन्नडमध्ये म्हणाली. “तेव्हा मी लहान होते. आता मी मोठी आहे, लग्न झालंय, एक मूल आहे. आणि मला लघवीला जायचं असलं तर मी विचारते. हो म्हटलं तर जाते, नाही म्हटलं तर उभी राहते. मे महिन्यात मी उभी राहिले आणि उभ्या उभ्याच माझे कपडे भिजले. त्या दिवशी मी घरी जाऊन कुणाला सांगितलं नाही. आज सांगते, कारण आज सांगायला लाज वाटत नाही. माझी एवढीच मागणी आहे. मला न विचारता जाता यावं.”

ती थांबली. माझी पाळी होती.

कन्नड कळणाऱ्या बायका पुतळ्यासारख्या झाल्या होत्या. ओडिशाच्या मुली माझ्या तोंडाकडे बघत होत्या. साहेबही बघत होते, चेहऱ्यावर तेच सकाळचं प्रसन्न हसू. एचआरच्या साहेबांना कन्नड येत होतं. त्यांनी मला डोळ्यांनी खूण केली, अगदी बारीक. तिचा अर्थ मला समजला. आवरतं घे. आणि आवरतं घेणं मला येत होतं. आजवर किती जणींचं रडणं मी साहेबांपुढे ‘थोडी अडचण आहे सर’ असं करून मांडलं होतं. ‘सुविधा आणखी चांगल्या व्हाव्यात अशी आमची विनंती आहे’ हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. कुणाला काही वाटलं नसतं.

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, समोर बघत होती. मी काय करणार आहे याची तिला खात्री नव्हती, आणि तरी ती बोलली होती.

मी हिंदी केलं. स्वातंत्र्य हा शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये सारखाच, हिंदीत मी आज़ादी म्हटलं. बाकी काही बदललं नाही. लघवीला लघवीच म्हटलं, कपडे भिजले ते भिजलेच म्हटलं. शेवटी माझ्या तोंडून आणखी एक वाक्य गेलं, ते तिच्या भाषणात नव्हतं. “तिला थांब म्हणणारी मी होते.”

ओडिशाच्या मुलींमधून एकीनं टाळी वाजवली. एकच, मोठी. मग सगळ्यांनी वाजवल्या. त्या टाळ्या थांबेनात. साहेबांचं हसू केव्हा गेलं ते मी पाहिलं नाही. ते खाली बघत होते.

लाडू वाटताना ते माझ्याजवळ आले आणि मराठीत हळू म्हणाले, “मॅडम, हे मला आधी का नाही सांगितलंत?”

“सर, टोकनं तुम्ही रोज राउंडला बघता,” मी म्हटलं.

हातातला लाडू तसाच धरून ते केबिनकडे गेले.

त्या दिवशी कंपनीची बस लवकर सुटली. बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली. मी तिला विचारलं, “एवढं मनात होतं तर मला का नाही सांगितलंस? एचआरला अर्ज का नाही केलास?”

ती म्हणाली, “अक्का, लाइनवर बोलले असते तर ती तक्रार झाली असती. तक्रार केली की माणूस वाईट ठरतो. आज झेंडा होता. आज साहेबसुद्धा सावधान उभे होते. शाळेत असताना या एकाच दिवशी मोठी माणसं खाली बसायची आणि आम्ही वर उभं राहून बोलायचो. म्हटलं, तो दिवस अजून तसाच आहे का बघू.”

मग मी माफी मागितली. मे महिन्यात जी मागायची होती ती. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “सरी अक्का. तुम्ही ओढणी दिली होती.” मला त्यानं आणखीच कसंतरी झालं.

घरी नवरा आणि मुलगी सुट्टीच्या निवांतपणात पुऱ्या लाटत बसले होते. मी झालेलं सगळं सांगितलं. नवऱ्याला काळजी पडली, नोकरीवर येईल का म्हणून. मुलगी नववीत. तिनं पुरी लाटायची थांबवली आणि म्हणाली, “आई, टेबल तुझं होतं ना? मग तू कधीच का काढून टाकली नाहीस ती टोकनं?”

मी म्हटलं, “मला भीती वाटायची.”

“आणि तिला नाही वाटली?”

मी पुऱ्या तळायला घेतल्या.

पुढचे दिवस सोपे नव्हते. एचआरनं मला बोलावून लेखी खुलासा मागितला. मंजूर मजकुराच्या बाहेरचं भाषांतर का केलं, असा प्रश्न होता. मी लिहिलं, ‘ती जे बोलली त्याचं हिंदी करणं हे मला दिलेलं काम होतं.’ एवढंच. तिला आमच्या लाइनवरून काढून पॅकिंगला टाकलं. शिक्षा म्हणून नाही असं सांगितलं, पण पॅकिंगमध्ये दिवसभर खोकी उचलायची असतात आणि तिचा जीव केवढासा. आठवडाभरानं आमच्या लाइनवरच्या नऊजणी जेवणाच्या सुट्टीत माझ्यापुढे उभ्या राहिल्या. “अक्का, आम्हाला एचआरकडे जायचंय. तुम्ही बोलायला चला.” त्यातल्या पाचजणी ओडिशाच्या होत्या. मी गेले. या खेपेला मी पुढे उभी नव्हते. टोकनं काढा आणि तिला परत आणा, असं त्या बोलत होत्या आणि मी फक्त भाषा बदलत होते.

एचआरच्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि बघतो म्हणाले. बघतो म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं. पण दोन दिवसांनी मोठे साहेब स्वतः लाइनवर आले. राउंडला येतात तसे नाही, एकटेच. माझ्या टेबलापाशी उभे राहून त्यांनी एक टोकन हातात घेतलं.

“जास्त गर्दी कधी होते?” त्यांनी विचारलं.

“चहाच्या आधी आणि जेवणानंतर, सर.”

“एकीच्या जागी दुसरी उभी राहिली तर फळी थांबणार नाही ना?”

“नाही थांबणार. दोघी बदली मिळाल्या तर कुणालाच थांबावं लागणार नाही.”

त्यांनी टोकन परत खिळ्याला लावलं. मग मराठीत म्हणाले, “माझ्या केबिनला लागूनच बाथरूम आहे. खरं सांगतो मॅडम, हा विषय माझ्या कधी डोक्यातच आला नाही.” त्यांच्या बोलण्यात मला खोटं काही दिसलं नाही. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण मला माझंच टेबल दिसत होतं.

एक महिना टोकनांशिवाय चालवून बघायचं ठरलं, फक्त आमच्या लाइनवर. बदलीला दोघी मिळाल्या. त्यातली एक तीच, पॅकिंगमधून परत आलेली. आता जी जाईल तिच्या फळीवर ती उभी राहायची.

पहिले दोन दिवस माझं धाबं दणाणलं. जी ती उठून जात होती. काहीजणी तर नुसत्याच जाऊन तोंड धुऊन, हसत परत येत होत्या. दोघी मैत्रिणी एकदम गेल्या, आणि आतून त्यांच्या हसण्याचा आवाज बाहेर ऐकू आला. मला वाटलं, गेलं, आता माल अडकणार आणि सगळं माझ्यावर येणार. तिला म्हटलं तर ती म्हणाली, “जाऊ दे अक्का. दोन दिवस जातील, मग कंटाळतील.” तसंच झालं. आठवड्याच्या शेवटी कोण कधी जातं हे माझ्या लक्षातही येईना. गाड्या वेळेवर गेल्या. आणि एक गोष्ट मला नंतर दिसली. संध्याकाळी बसमध्ये बायकांच्या पिशव्यांतल्या बाटल्या रिकाम्या होत्या.

दिवाळीपर्यंत आणखी तीन लाइनवरची टोकनं गेली. एका लाइनवर ती अजून आहेत. तिथला सुपरवायझर म्हणतो, शिस्त राहत नाही. त्या लाइनच्या बायका आमच्याकडे बघतात आणि आम्हाला विचारतात, तुम्ही काय केलंत? रायचूरची ती त्यांना काय सांगते ते मी मुद्दाम ऐकत नाही. मी सुपरवायझर आहे, काही गोष्टी मला माहीत नसलेल्या बऱ्या.

सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही. काम अजून उभ्यानंच आहे. कंत्राटावरच्या मुली कंत्राटावरच आहेत. एचआरच्या साहेबांशी माझं बोलणं कामापुरतं उरलं आहे. या वर्षी बढतीच्या यादीत माझं नाव येईल असं वाटत होतं, ते आलं नाही.

आता पुन्हा ऑगस्ट आला आहे. यंदा सूचना फलकावर नोटीस लागली की भाषण करायचं असलेल्यांनी मजकूर आधी लेखी द्यावा, आणि त्यातला एकच निवडला जाईल. मला वाटलं, झालं, आता कोण नाव देतं. सातजणींनी दिलं.

त्यातली एक ओडिशाची आहे, गेल्या वर्षी पहिली टाळी वाजवणारी. ती सहा महिन्यांची गरोदर आहे आणि तिला बसायच्या स्टुलाबद्दल बोलायचं आहे. पोट पुढे आल्यावर तरी फळीपुढे बसून काम करू द्यावं, एवढंच तिचं म्हणणं.

मी म्हटलं, “हिंदीत बोल. मी कन्नड करते.”

“नाही दीदी,” ती म्हणाली. “गेल्या वर्षी ती बोलली तेव्हा मला तुमच्या तोंडाकडे बघावं लागलं. मला कन्नडमध्येच बोलायचंय. सगळ्यांना माझ्याकडे बघून कळलं पाहिजे.”

गेले दोन आठवडे जेवणाची सुट्टी झाली की कॅंटीनच्या कोपऱ्यात आमची शाळा भरते. मी वाक्यं लिहून वाचून दाखवते, ओडिशाची मुलगी ती ओडिया अक्षरांत उतरवून घेते आणि रायचूरची तिच्याकडून म्हणून घेते. चुकलं की ती तिला थांबवते, पुन्हा म्हणायला लावते. कधी कधी दोघी हसून हसून बेजार होतात, कारण एका अक्षराच्या चुकीनं स्टूल मागायच्या ऐवजी भलतंच काहीतरी मागितलं जातं. आजूबाजूच्या टेबलांवरच्या बायका डबे उघडे ठेवून ऐकत असतात. आता त्यांनाही ते भाषण पाठ झालं आहे.

शुक्रवारी दुपारी आम्ही तिघी मिळून एचआरमध्ये कागद देऊन आलो. ओडिशाच्या मुलीनं वरती नाव घातलं, खाली सही केली, दोन्ही कन्नडमध्ये. कुणाचा मजकूर निवडला ते अजून कळलेलं नाही.